हवेबद्दल हसून बोलायचं

६ जानेवारी २००५

आधी तारीख टाक! काल सांगितलं, परवा सांगितलं. वहीबाई, तुझं डोकं म्हणजे फुटका माठ. का लिहिणारीचं? दोघी सारख्याच.

मला अक्षर येत नाही. म्हणून रात्री मी, मालनबाई, बोलते आणि नातसून प्रतिभा लिहिते. मी 'हाय' म्हणते, ही 'आहे' लिहिते. सुधारते मला! या वयात!

आजची खबर — प्रतिभाला गावाबाहेरच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये टेबल-खुर्ची मिळाली. पेट्या भरायच्या नाहीत आता. माल बघायला परदेशातून गोरे येतात, कंटेनर भरेपर्यंत त्यांच्याशी इंग्रजीत बोलत बसायचं. काय बोलायचं? काहीच नाही. पण ते काहीच-नाही हसून बोलायचं. त्याचा पगार! माझी जीभ जन्मभर फुकट चालली म्हणायची.

१७ जानेवारी

सराव चालू. मी गोरा झाले. शेखरची टोपी घातली, खाटेवर तंगड्या लांब सोडल्या.

"हाऊ आर यू?" प्रतिभा म्हणते.

"गुडघा ठणकतोय. झोप नाही."

"नाही हो आजी! फाइन, थँक्यू म्हणायचं. काहीही झालं तरी."

"घरात कुणी मेलं तरी?"

"तरी फाइन."

मग मीच सुरू केलं — बाई, गाव कोणतं, नवरा काय करतो, पगार किती, अजून लेकरू का नाही? हिने कपाळाला हात लावला. यातलं एकही चालत नाही म्हणे! मग माणसाची ओळख व्हायची कशी? तर हवा. हवेबद्दल विचारायचं. — द्राक्षाच्या गावात हवेबद्दल हसून बोलायचं! इथे ढग आला की बायकांचं चुलीवरचं दूध उतू जातं.

दारात शेखर उभा. माझा नातू, हिचा नवरा. आईबाप एकलहऱ्याला पॉवर हाऊसच्या क्वार्टरात, हा माझ्याजवळ मळ्यात वाढला. "आजी, तू पण बिघडली का?" म्हणाला आणि टोपी ओढून घेतली. माझे केस आले टोपीबरोबर. हसला नाही.

२ फेब्रुवारी

शेखरने आरसा फोडला. कामाला जाताना पावडर कशाला, म्हणून. काचा मी वेचल्या. पावडर प्रतिभाने तरी लावलीच!

१२ फेब्रुवारी

गारा. भर दुपारी. लिंबाएवढ्या. पत्र्यावर दगडफेक व्हावी तशा. तोडायला आलेला बाग आमचा — घडच्या घड आपटले, मणी फुटले, खाली नुसता चिखल आणि रस. अंगणात कुत्रीचं पिल्लू मेलं. शेखर उघड्या डोक्याने बागेत उभा राहिला. कपाळ फुटलं, तरी हलेना. मी ओढून आणला.

पुढचं उद्या. प्रतिभाला पेन धरवत नाही.

१३ फेब्रुवारी

लिही. अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.

गारा थांबल्यावर शेखर पॅकहाऊसवर गेला, उरलेला माल घेता का विचारायला. व्हरांड्यात गोरा बसलेला, समोर प्रतिभा. गोरा म्हणाला, छान गार झालं. ही म्हणाली, यस सर, लव्हली. आणि हसली. शिकवलेलं हसू. पायरीवर गारा अजून वितळत होत्या.

तेवढं इंग्रजी शेखरला कळतं.

ही घरी परतली तशी मळ्याच्या फाटकापासून केसाला धरून आणली. "माझा बाग मेला आन् तुला लव्हली? हस आता! हस ना!" आधी चप्पल. मग पट्टा. मग तिचं डोकं न्हाणीच्या दगडावर. मी मध्ये गेले तर मला भिंतीवर फेकली. माझा दात गेला — एकच कामाचा राहिला होता!

काय लिहिलंस, वाच बघू. 'त्यांनी मारलं'? खोड ते. 'शेखरने मारलं' लिही.

लिहिलं.

१६ फेब्रुवारी

गेली कामाला. एक डोळा मिटलेला, ओठाला टाके. पॅकहाऊसच्या साहेबांनी विचारलं, तर — न्हाणीत पडले. गोऱ्याने विचारलं हाऊ आर यू, तर — फाइन, थँक्यू.

"दोन्ही भाषांनी तुला एकच शिकवलं गं," मी म्हटलं.

माझी सासू न्हाणीत पडायची. मी पडले. शेजारची भिमाबाई पडली ती उठलीच नाही. आमच्या गावच्या न्हाण्या लय निसरड्या! बाप्ये मात्र कधी पडत नाहीत. पाय चांगले असतील त्यांचे.

२४ फेब्रुवारी

साहेब म्हणाले, शहरात इंदिरानगरला कंपनीचं ऑफिस आहे, परदेशचे फोन घ्यायला ये. बायकांच्या हॉस्टेलात खोली बघून देतो. एक तारखेपासून.

प्रतिभाने जेवताना सांगितलं. शेखर ताटावरून उठला, घड तोडायची कात्री आणली, तिच्या तोंडापुढे उघडमीट केली. "जा की. इंग्रजी जीभ तेवढी इथं ठेवून जा."

हा बोलतो ते करतो. लहानपणी मांजरीला म्हणाला होता, विहिरीत टाकीन.

लिहिताना ही जीभ दातांत धरून बसली आहे.

"जायचंय ना?" मी विचारलं.

"जायचंय आजी."

"मग मुसळ माझ्या खाटेखाली सरकव."

"कशाला?"

"मिरच्या कुटायला!"

१ मार्च

आजपून शेजारची छाया लिहिती. मी बोलते तसंच टाकती, सुधारत नाय.

प्रतिभा सकाळच्या यष्टीनं गेली. जीभ तोंडातच हाय.

शेखऱ्या दवाखान्यात हाय. कात्री घेऊन फाटकापर्यंत गेला व्हता तिच्या मागं. मी त्याच्या मागं. मनगटावर मुसळ घातलं. कात्री पडंना, म्हणून परत घातलं. हाड वाजलं. त्याच हाताला धरून चालायला शिकवलं व्हतं मी त्याला.

डॉक्टर म्हणले, कसं झालं? त्यानं माझ्याकडं बघितलं. मग भुईकडं.

"न्हाणीत पडलो."

मी खाटेजवळ गेले. म्हटलं, "हाऊ आर यू?"

छाया, प्रतिभाला ठेचा धाड. लाल मिरचीचा, झणझणीत. आन् शेखऱ्याला पातळ पेज. भाकरी नको देऊ — एका हातानं मोडत नाय.