लायसन न लागणारी सायकल

३ फेब्रुवारी
लायसन सहा महिन्यांसाठी गेलं. कारण काय, तर बसवाल्याने कट मारला. पुढच्या सिग्नलला उतरून मी त्याला नीट समजावत होतो, तर त्याचा आरसा माझ्या हातात आला. मुळातच ढिला असणार. नाकही ढिलंच असणार त्याचं.

बायकोने जेवताना थंडपणे सांगितलं की यापुढे एकदा जरी कुणावर हात उचललास, तर लेकीला घेऊन ताईकडे निघून जाईन, परत येणार नाही. मी म्हटलं, हात उचलतो? मी? बोलताना टेबलावर जरा हात आपटला, पाण्याचा जग आडवा झाला. लेक ताट घेऊन आत गेली. हल्ली तिला आत बसून जेवायला आवडतं.

निर्णय: इलेक्ट्रिक सायकल. लायसन नको, पेट्रोल नको, रोजचा व्यायाम, आणि व्यायामाने डोकं थंड राहतं. ऑफिस, भाजी, लेकीची शाळा, सगळं सायकलवर. चिडणारे चिडोत, आपण शांत.

५ फेब्रुवारी
ऑफिसात दिवसभर सायकलींचे व्हिडिओ पाहिले. खाली कुणा शहाण्याने लिहिलंय की मोटर असली की कसला आलाय व्यायाम. त्याला सभ्य भाषेत उत्तर दिलं. पत्ताही विचारला. कीबोर्डचं एंटर बटण उडालं. ऑफिसचा माल हा असाच.

८ फेब्रुवारी, शनिवार
ट्रायल घेतली. दुकानदार म्हणाला, पेडल मारलं की मोटर मदत करते, आणि उजव्या अंगठ्याशी थ्रॉटल आहे, तो दाबला की नुसतीच पळते. म्हणून मूठ आवळून धरू नका. मला सायकल शिकवतोय! शाळेत असताना हात सोडून चालवायचो मी.

निघालो. काय सुख! चढ आला कधी, गेला कधी, कळलंसुद्धा नाही. कोपऱ्यावर एक स्कूटरवाला उलट बाजूने आला आणि वर मलाच विचारतो, डोळे फुटले का. मी पाय टेकून त्याला नम्रपणे काहीतरी सांगणार होतो. पण मूठ आवळली गेली आणि सायकल निघाली, ती थेट त्याच्या गुडघ्यावर. यात माझा काय दोष? मोटर कुणाची, कंपनीची. त्याने मला गटारात ढकललं. मी उठलो आणि माझं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर आपटलं. हेल्मेट असतंच त्यासाठी. मग त्याने पोटात लाथ घातली, मी दंडाला चावलो. बायकोची अट हाताची आहे. मी हात कुठे उचलला?

आणखी चार मॉडेलं बघून, शांतपणे विचार करून ठरवायचं होतं. पण वाकडं हँडल बघून दुकानदाराने शटर अर्धं खाली ओढलं आणि म्हणाला, आता हीच तुमची. ठीक आहे. एकदाचा निर्णय झाला.

बायकोला सांगितलं, शिकताना पडलो. तिने ओठाला लावायला बर्फ दिला. समजूतदार आहे.

११ फेब्रुवारी, संध्याकाळी
तळमजल्यावर तो दातांचा डॉक्टर राहतो. पार्किंगमध्ये एकच प्लग आहे. मी चार्जर लावला, त्याने काढून आपली गाडी साफ करायचं मशीन लावलं. मी काढलं. त्याने परत लावलं. मी काढलं. तो म्हणाला, पार्किंग काय तुझ्या बापाचं आहे?

बापापर्यंत गेल्यावर कोण ऐकून घेईल! चार्जर चांगला विटेएवढा जड असतो, हे व्हिडिओत कुणी सांगत नाही. वायर माझ्या हातात होती. चार्जर फिरला आणि त्याच्या तोंडावर बसला. पुढचा दात पडला. त्याने माझी कॉलर धरून मला भिंतीवर आदळलं. मी खाली पडल्या पडल्या त्याच्या नडगीवर लाथ हाणली. बाकी दातांची त्याला काय काळजी? दवाखाना घरातच आहे.

लेक जिन्यात उभी होती. सगळं बघितलं तिने. एका अर्थी बरंच झालं. आपला बाप कुणाचं ऐकून घेत नाही, हे पोरांना कळायला हवं.

बायकोने माळ्यावरून बॅग काढली. मी आईची शपथ घेतली, पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. शेवटी ती म्हणाली, उद्या लेकीला सायकलवरून शाळेत सोड. ती तुझ्या मागे आनंदाने बसली, तर आम्ही राहतो. हात्तिच्या! एवढंच? माझी पोर माझ्या मागे नाही बसणार तर कुणाच्या?

१२ फेब्रुवारी, सकाळी
सायकल पुसून चकाचक केली. मागे उशी बांधली. लेकीसाठी काल रात्रीच लाल हेल्मेट आणलं होतं. ती दप्तर घेऊन खाली आली आणि उशी बघून हसलीसुद्धा. दातवाला सुजलेला गाल घेऊन शेजारून गेला, मी ढुंकूनही बघितलं नाही. बायको जिन्याच्या दारातून हे बघत होती. म्हटलं, जिंकलो.

हेल्मेट तिच्या डोक्यावर ठेवलं. पट्टा लावायला हात वर केला, तर तिने डोळे गच्च मिटले, मान खांद्यांत घातली आणि दोन्ही हात तोंडावर धरले.

मी तिला आजवर बोटसुद्धा लावलेलं नाही. बायकोला हे पुन्हा पुन्हा सांगितलं. तिने पोरीला जवळ घेतलं होतं. म्हणाली, माहीत आहे.

दुपारी
दोघी गेल्या. मी ओरडलो नाही, टॅक्सीला आडवा गेलो नाही. दोन्ही हात खिशात घालून फाटकाशी उभा होतो. टॅक्सी वळताना लेकीने मागच्या काचेतून हात हलवला. मीही हलवणार होतो. पण म्हटलं नको, मी हात वर केला तर घाबरेल.