एकटं वाटतं का?

शनिवार, संध्याकाळ. मयूर विहार

दिवसभर आमच्या सर्वेक्षणातल्या एक आजीच मनात. दर काही वर्षांनी त्याच म्हाताऱ्या माणसांना तेच प्रश्न विचारतात, त्यांची जुनी-नवी उत्तरं मी ऑफिसात जुळवून बघते. नवरा गेल्यानंतरच्या फेरीत "एकटं वाटतं का?" याला या आजींचं उत्तर "नेहमी" होतं. या फेरीत, "कधीच नाही". ऑफिसातला विवेक म्हणाला, "गलती होगी यार, हटा दो."

चूकच असेल का?

घरी आल्यावर पुण्याला आईला फोन केला. बाबा गेल्यापासून ती एकटीच राहते. तिलाही तेच विचारलं.

"आता नाही गं वाटत. दुपारी डोळा लागला की हे येतात. चहा मागतात."

"मग?"

"उठून करते की. त्यांच्यासारखा, बिनसाखरेचा. आवडायला लागलाय मला."

फोन ठेवला. सोमवारी विवेकला सांगेन, आजींचं "कधीच नाही" राहू दे.