आईच्या दंडावरचे डाग

आप्पा, आईच्या दंडावरचे निळे डाग तुमच्या हातचे नव्हते. हे मला आत्ता कळलंय, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाल्यावर. एवढी वर्षं मी तुम्हाला बायकोला मारणारा माणूस समजत आलो आणि तसाच वागलो. चूक कबूल करायला आपल्या राहू गावातल्या घरी जावं, तर त्या घराला कुलूप आहे. म्हणून रांजणगावच्या खोलीत बसून लिहितोय.

कंपनीत दरवर्षी मेडिकल होतं. आजवर डोळे आणि बीपी बघून सोडायचे, यंदा पहिल्यांदाच रक्त घेतलं. कापसाचा बोळा दाबून मी लाइनवर गेलो, तर तासाभरात बाही ओली. दुसऱ्या दिवशी दंड निळा पडला. कंपनीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून मला पुण्याला, रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी समजावून सांगितलं, की रक्तात प्लेटलेट नावाचे बारीक कण असतात. कुठं खरचटलं, आत एखादी शीर फुटली, की ते तिथं जाऊन चिकटतात आणि भोक बुजवतात. ते दीड लाखाच्या वर हवेत, माझे निघाले तीस हजार. "काही घराण्यांत हे जन्मापासून असतं. तुमच्याकडे कुणाला सहज डाग पडायचे का?" त्यांनी विचारलं. मी "आईला" म्हणालो. पुढच्या तपासण्यांत माझा आजार तसलाच निघाला. आईचंही तेच असणार, असं त्या म्हणाल्या.

आई चुलीपुढं भाकरी थापतेय. बाही वर सरकलीय, दंडावर बोटांएवढे निळे डाग. मी बारा वर्षांचा. शेजारच्या काकू पीठ मागायला आल्यात, त्या डाग बघतात आणि मला हळूच विचारतात, "बाप हात उचलतोय व्हय रं?" आई ऐकते, हसते. "न्हाई वं, मला नुसतं दाराला घासलं तरी डाग उठतोय." बायका असंच सांगतात, हे मला त्या वयातही माहीत होतं. त्यात तुमचा आवाज असा, की तुम्ही म्हशीला हाक मारली तरी तीन शेतांपलीकडची माणसं वळून बघायची. मला तेवढा पुरावा पुरला. तुम्ही आईला भरलेली घागर उचलू देत नव्हता, म्हशीच्या धारा स्वतः काढायचात. मला वाटायचं, मन खातंय तुम्हाला. तिच्या हिरड्यांतून रक्त आलं, की "उष्णता हाय" म्हणून सब्जा भिजवून द्यायचात. कंपनीत मी क्वालिटीला आहे, गेज लावून मोजल्याशिवाय एक पार्ट रिजेक्ट करत नाही. तुम्हाला मात्र नुसतं बघून बाजूला टाकलं.

मी एकवीस वर्षांचा असताना एका सकाळी तिचं डोकं ठणकायला लागलं आणि दौंडला पोचायच्या आत ती जीपमध्ये, तुमच्या मांडीवर गेली. डोक्यात रक्तस्राव, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर सगळ्यांदेखत मी तुम्हाला विचारलं, "कशानं मारलं तिला?" तुम्ही म्हणालात, "मी तिला कवा बोटबी लावलं न्हाई." तेरावं उरकल्यावर मी बॅग भरली. नंतर दोनदा तुम्ही एसटीनं आलात आणि कंपनीच्या गेटवर उभं राहून माझ्या लग्नाचं विचारलंत. दुसऱ्यांदा मी म्हणालो, "तुमच्यासारखं घर करायचं न्हाई मला." तुम्ही "बरं" म्हणालात आणि आणलेली कांद्याची पिशवी वॉचमनजवळ ठेवून निघून गेलात. मी ती त्यालाच देऊन टाकली. घर काही मी केलं नाही. आता पंचेचाळीस झालं. दंडावर डाग उठला तर बघायलाही कोणी नाही, आप्पा, आणि हे मी माझ्याच हातानं करून घेतलंय.

गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाई माझी फाइल भरत होत्या. हे कण कमी पडले तर रक्त थांबत नाही, आणि नको तिथं, हृदयाच्या शिरेत, गोळा झाले तर गुठळी होऊन माणूस जातो, म्हणून आईवडील दोघांचंही विचारावं लागतं, असं म्हणत त्यांनी विचारलं, "वडील कशानं गेले?" मला माहीत नव्हतं. तुम्ही गेलात त्या दिवशी मी सकाळी गावी आलो, अग्नी दिला आणि दुसऱ्या शिफ्टला परत गेलो. कोणाला काही विचारलंच नाही. "वयानं," मी म्हणालो. त्यांनी तसं लिहून घेतलं. तुम्ही अठ्ठावन्न वर्षांचे होता.

चुलत्यांना फोन केला तर कळेल. ते शेवटपर्यंत तुमच्याजवळ होते. दोनदा नंबर काढला आणि फोन ठेवून दिला. हे पत्र कुठं पोचायचं नाही, ते मला माहीत आहे. तरी त्यांना फोन करायचा सोडून तुम्हालाच लिहीत बसलोय, कारण ते विचारतील, इतकी वर्षं कुठं होतास, आणि तुम्ही विचारणार नाही.