खुंटीवरची चिठ्ठी

ताई,

तुझं आत्मचरित्र वाचलं. अनाथाश्रमाने तुला आमच्याकडे सांभाळायला दिलं, ती सहा वर्षं तू एका प्रकरणात उरकलीस आणि माझ्या आईला पार कैदाशीण करून टाकलंस. तापात तुझ्या उशाशी कोण बसायचं? तुझ्या उवा कोण काढायचं? त्याबद्दल एक ओळ नाही! आई आता उत्तर द्यायला नाही, म्हणून काय वाट्टेल ते लिहायचं?

म्हणे, दारामागच्या खुंटीवर माझं नाव रंगवलेलं होतं आणि तुझं नुसतं कागदावर लिहून चिकटवलेलं, ‘केव्हाही काढता यावं म्हणून’. धादांत खोटं! फोटो काढून तुझ्या तोंडावर मारायचा, म्हणून तावातावाने जुन्या घरी गेले.

माझं नाव निळ्या रंगात अजून तस्संच आहे. शेजारी तुझी चिठ्ठी. फोटोत दिसू नये म्हणून मी ती नखाने खरवडली, खोटं कशाला बोलू? तिच्याखाली आणखी एक चिठ्ठी निघाली. तिच्याखाली आणखी एक. दोन्हींवर मुलींची नावं, आईच्याच अक्षरात.

फोटो काढला नाही. हे पत्रही टाकणार नाही. त्या दोघी मला आठवतसुद्धा नाहीत गं. तू आम्हाला निदान एक प्रकरण तरी दिलंस.

तुझी,
रंगवलेल्या नावाची