जखमी जनावरामागे धावू नये

लाडक्या नेझा,

रविवारी तू रानडुकरांच्या कळपाची म्होरकी मादी मारलीस. चूकच ती! म्होरकी जाऊ द्यायची आणि मागचं टिपायचं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. म्होरकी मेली की कळप उधळतो आणि गावभर मक्याची नासाडी करतो.

तरी ती तुझी पहिली शिकार होती. रिवाजाप्रमाणे तुझ्या टोपीत फर झाडाची डहाळी खोवायला हवी होती. ती कुणी दिली नाहीच, वर आपल्या शिकारी मंडळाचा प्रमुख विंकोकाका म्हणाला, "पोरी, तू आपली बटाटे सोल!" तू टोपी माझ्या ओसरीवर फेकलीस आणि ल्युब्ल्याना शहराची बस धरलीस.

तुझा बाप लगेच तुझ्यामागे निघाला होता. मी त्याला दारातच अडवलं. "जखमी डुकरामागे लगेच धावतोस का रे? धावलं की ते डोंगरापार पळतं. आपण गप्प बसलो तर जवळच थांबतं."

"ताई, ती डुक्कर नाही, माझी मुलगी आहे!"

"म्हणून तर जास्त वेळ बस."

त्याला बसवलं, पण मलाच बसवेना. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं, आणि इतक्यात तुझा फोन आला. ख्यालीखुशाली काही नाही, थेट प्रश्न. "आत्या, या रविवारी वारा कुठून असेल?"

"जंगलाकडून आपल्याकडे," एवढंच सांगून मी फोन ठेवला. वारा विचारणारी शिकारीला येतेच; आता पत्र टाकायचं कारण उरलं नाही.

एक गोष्ट मात्र तुला मुद्दाम सांगितली नाही. काल विंको गुपचूप ओसरीवर येऊन गेला. तुझ्या टोपीत हिरवीगार डहाळी आहे.

तुझी वाट बघत बसलेली,
ल्युडमिला आत्या