सळई उचलायला कुणी सांगितलं

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. रागात असले तरी मोठ्या बहिणीला तो करायचाच असतो. आईचा गुडघा आता बरा आहे. ‘ताई का फिरकत नाही’ म्हणून दिवसभर माझं डोकं खाते. कामात आहे, असं सांगून ठेवलंय.

शाळेत रोज समोर दिसतेस आणि मी पत्र लिहितेय, हसशील. पण तुझ्यासमोर आले की माझी दातखीळ बसते. परवा पालकांपुढेही तेच झालं.

प्रयोग छान चालला होता गं. लोखंडाची सळई, तिला मेणाने चिकटवलेल्या टाचण्या, एका टोकाखाली स्पिरिटचा दिवा. एकेक टाचणी गळून पडली की पोरं ओरडायची. उष्णता सळईतून कशी पुढे सरकते, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. दिवा विझवल्यावर मी बजावलं होतं, तापलेलं लोखंड गार लोखंडासारखंच दिसतं, मी ओलं फडकं लावेपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

तेवढ्यात तू आलीस. तपासणीचे साहेब जिन्यात, आणि टेबलावर हा पसारा.

“आवरा पटकन. उचल गं ती सळई,” पहिल्या बाकावरच्या दोन वेण्यांवालीला म्हणालीस.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडेपर्यंत सळई तिच्या हातात होती, आणि तळहात भाजलाही होता. मोठ्या बाईंनी सांगितल्यावर कोण थांबतं?

आणि परवा पालक जाब विचारायला आले, तेव्हा तिच्या आईला तू म्हणालीस, “बाईंचं लक्ष नव्हतं.” माझ्याकडे न बघता. विज्ञानाचा तास काढून घेतलास, प्रयोगशाळेला कुलूप लावलंस. परक्या कुणी हे केलं असतं तर भांडले असते. तू केसाने गळा कापलास, ताई. मी मान खाली घालून ऐकलं, कारण आपल्या घरात ताईला उलट बोलायचं नसतं.

तरी गिळलं असतं. पण आज ती पोरगी आली, हाताला पट्टी.

“बाई, मोठ्या बाईंचं नाव मी घरी नाही घेतलं. मीच आगाऊपणा केला म्हटलं. तुम्हीपण काही बोलला नाहीत ना, म्हणून.”

साऱ्या वर्गाने तुझं बोलणं ऐकलं होतं, आणि सारा वर्ग गप्प आहे. एवढं चांगलं मी त्यांना दुसरं काहीच शिकवलेलं नाही.

उद्या संध्याकाळी मी तिच्या घरी खरं काय ते सांगायला जाणार आहे. आधी तूच ते सांगून आलेली असलीस, तर दारातूनच मागे फिरेन. नसलीस, तर आपल्या आईला काय सांगायचं ते तू ठरव.

उद्या संध्याकाळपर्यंत तुझीच,
धाकटी