बाबांच्या विटा

ती. आईस,
इथूनच तुझ्या पाया पडते. मी ठणठणीत आहे, जेवणही वेळेवर होतं. तुझे गुडघे काय म्हणतात?

बाबा गेल्यापासून त्यांनी जमवलेल्या जुन्या विटांकडे तुला बघवत नाही. ‘देऊन टाकू का?’ असं तू विचारलंस, त्याचं उत्तर आज लिहितेय.

काल एक पडका कारखाना पाडत होते. आमच्या संग्रहालयासाठी तिथल्या विटा निवडताना एकीवर कुत्र्याचा पंजा उमटलेला दिसला. वीट ओली असताना कुत्रं तिच्यावरून गेलं असणार. अशी वीट बाबा आणि मी किती वर्षं शोधत होतो! आनंदाच्या भरात मी बाबांचा नंबर लावला. घंटी वाजायला लागल्यावर भानावर आले, तोवर तू फोन उचललास.

“बोल गं, काय झालं?”

“काही नाही, सहज केला.”

सहज नव्हता, आई. आणि त्यांचा फोन तू अजून चार्ज करून ठेवतेस, हे मला तेव्हा कळलं.

विटा एवढ्यात कुणाला देऊ नकोस. बघवत नसतील तर वर जुनी चादर टाक. मी आले की दोघी मिळून बघू.

तुझीच,
धाकटी